कृष्ण पक्षातील दिवे : व्हिक्टोरिया सरोवर आणि त्याच्या काठचे मासेमार

किसुमू हे केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वसलेले शहर आहे. नैरोबीहून सुमारे ३५० किलोमीटरचा प्रवास करून तिथे पोहोचलेला पाहुणा बहुधा पहिल्याच दिवशी काठावरच्या एखाद्या खाणावळीत बसतो आणि अख्खा तळलेला तिलापिया मागवतो. सोबत मक्याच्या पिठाची घट्ट उकड येते, जिला तिथे उगाली म्हणतात. ताटातला मासा समोरच्या पाण्यातलाच असणार, असे त्याने गृहीत धरणे स्वाभाविक आहे आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु गेल्या काही वर्षांत चीनमधून गोठवून आणलेला तिलापिया केनियात मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला आहे आणि तो या सरोवराकाठच्या बाजारांतही पोहोचला आहे. ज्या सरोवरातून वर्षाला सुमारे दहा लाख टन मासळी निघते, त्याच्या काठावर परदेशी मासा का विकला जावा, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र शंभर वर्षांत पसरलेले आहे. हे सरोवर पाहायला जाणाऱ्याने ते उत्तर थोडे तरी समजून घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते. कारण ते ठाऊक नसेल तर किनाऱ्यावर दिसणाऱ्या होड्या, जाळी आणि टोपल्या केवळ छायाचित्रापुरत्या उरतात.

उथळ पाण्याचा समुद्र

व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे संपूर्ण श्रीलंकेपेक्षा थोडे अधिक. गोड्या पाण्याच्या सरोवरांत क्षेत्रफळाने याहून मोठे सरोवर एकच, उत्तर अमेरिकेतील सुपीरियर. पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग टांझानियाकडे, त्याहून थोडा कमी युगांडाकडे आणि केवळ सहा टक्के केनियाकडे आहे. काठावर उभे राहिले की पलीकडचा तीर दिसत नाही, लाटा येतात, क्षितिजावर शिडे दिसतात. मीठ तेवढे नसते.

एवढ्या विस्ताराचे हे सरोवर खोल मात्र नाही. सरासरी खोली सुमारे ४० मीटर आणि सर्वाधिक खोली ८० मीटरच्या आसपास. दक्षिणेकडचे टांगानिका सरोवर १,४०० मीटरांहून खोल आहे, यावरून फरक लक्षात येईल. टांगानिका हे पृथ्वीचे कवच फाटून तयार झालेल्या खचदरीत आहे. व्हिक्टोरिया मात्र अशा दोन खचदऱ्यांच्या मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३५ मीटर उंचीवर, बशीत पाणी साठावे तसे साठले आहे. पश्चिमेकडची जमीन हळूहळू उचलली गेली, तेव्हा पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या अडल्या, काही तर उलट्या दिशेने वाहू लागल्या, आणि मधल्या सखल भागात पाणी साचले. या बशीत येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी थेट सरोवराच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या पावसाचे असते. कागेरा आणि इतर नद्यांचा वाटा त्यामानाने लहान आहे. बहुतेक पाणी वाफ होऊन निघून जाते आणि उरलेले युगांडातील जिंजा येथून नाईल नदीच्या रूपाने बाहेर पडते. बाहेर जाण्याची वाट एवढी एकच असल्यामुळे सरोवरात एकदा शिरलेली घाण लवकर निघून जात नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जिंजाचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग याच ठिकाणी नाईलच्या प्रवाहात विसर्जित करण्यात आला. तिथे आज गांधीजींचा अर्धपुतळा आहे. भारतातून गेलेले बहुतेक प्रवासी तिथे थांबतात, आणि थांबावेच.

सरोवराचे आजचे नाव ब्रिटिश प्रवासी जॉन हॅनिंग स्पीक याने दिले. १८५८ साली तो दक्षिण काठावर, आजच्या म्वान्झा शहराजवळ पोहोचला आणि त्याने आपल्या राणीचे नाव या पाण्याला दिले. काठच्या लोकांकडे त्याआधीच स्वतःची नावे होती आणि ती आजही बोलण्यात आहेत. केनियाच्या काठचे लुओ लोक याला नाम लोल्वे म्हणतात, तर युगांडातले गांडा लोक नालुबाले म्हणतात. न्यान्झा हा शब्द तर मोठ्या पाण्यालाच उद्देशून वापरला जातो. होडीवाल्याशी बोलताना यांपैकी एखादे नाव आपल्या तोंडून निघाले तर पुढचे बोलणे अधिक मोकळे होते.

शेकडो जातींचे एक कुटुंब

या सरोवराचा इतिहास तीन माशांच्या आधारे समजून घेणे मला सर्वांत सोपे वाटते. पहिला मासा बोटभर लांबीचा. त्याला लुओ भाषेत फुलू, टांझानियाच्या काठावर फुरू आणि युगांडात न्केज्जे म्हणतात. हा खरे तर एक मासा नसून सिक्लिड कुळातल्या शेकडो जातींचा समूह आहे. कोणी शेवाळ खरवडून खाणारा, कोणी गोगलगाय फोडून खाणारा, कोणी दुसऱ्या माशांची पिल्ले गिळणारा. बहुतेक जातींची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिल्लेही काही काळ तोंडातच सांभाळते. भूशास्त्रज्ञांनी तळाच्या गाळाचे नमुने तपासले तेव्हा सुमारे १५,००० वर्षांपूर्वी हे सरोवर जवळजवळ पूर्ण कोरडे पडले होते, असे दिसून आले. म्हणजे ५०० च्या आसपास असलेल्या या जाती ज्या स्वरूपात सापडल्या, त्यातली बरीच विविधता सरोवर पुन्हा भरल्यानंतरच्या काळात फुललेली आहे. कणा असलेल्या प्राण्यांत इतक्या थोड्या काळात इतकी विविधता निर्माण झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

काठच्या माणसांना या विज्ञानाशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने हे मासे सोयीचे होते. ते किनाऱ्याजवळ मिळत, टोपल्यांनी, गळाने आणि पाण्यातल्या पपायरस गवताच्या कुंपणांनी पकडता येत, आणि उन्हात सहज वाळत. त्यांच्याबरोबर न्गेगे नावाचा मोठा, चविष्ट, स्थानिक तिलापियाही होता. पकडायला आणि वाळवायला मोठे भांडवल लागत नसल्यामुळे मासळी घराघरांत होती.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती आगगाडीमुळे. मोंबासाच्या बंदरातून १८९६ साली निघालेला लोहमार्ग १९०१ साली सरोवराला, आजच्या किसुमूजवळ, येऊन भिडला. तो बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मृत्यू पावले. गाडी आली तशी नैरोबीची बाजारपेठ जवळ आली. त्याच सुमारास नवी उभी जाळी आली. अशा जाळ्यात मासा डोके घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. ही जाळी इतकी परिणामकारक होती की थोड्याच वर्षांत न्गेगे कमी होऊ लागला. १९२७-२८ मध्ये मायकेल ग्रॅहॅम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सरोवराची पहिली पद्धतशीर पाहणी केली आणि जाळ्याची आस पाच इंचांपेक्षा लहान नसावी, अशी शिफारस केली. आस म्हणजे जाळ्याच्या एका घराचा आकार. आस मोठी असेल तर लहान मासा निसटतो, वाढतो आणि त्याला एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळते. नियम झाला, परंतु मासे कमी होत गेले तसे मासेमार अधिक बारीक आसेकडे वळले, आणि १९५० च्या दशकात बंधनही सैल झाले. लहान मासे वाचवण्याचा प्रश्न आज जितका तातडीचा आहे, तितकाच तो तेव्हाही होता.

म्बुता आला

न्गेगे संपत आला आणि फुलूला बाजारात भाव नाही, तर या काटेरी लहान माशांचे रूपांतर मोठ्या, मांसल माशात करता येईल का, असा विचार तेव्हाच्या वसाहती प्रशासनातील काही अधिकाऱ्यांनी केला. उत्तर म्हणून त्यांनी नाईल पर्च निवडला. आपल्या तिघांतला हा दुसरा मासा, काठावरच्या बोलीत म्बुता. हा शिकारी मासा दोन मीटरपर्यंत लांब आणि २०० किलोपर्यंत वजनाचा होऊ शकतो. तो नाईलच्या खालच्या भागात आणि आल्बर्ट व तुर्काना या सरोवरांत होता. व्हिक्टोरियात नव्हता, कारण मधल्या धबधब्यांमुळे त्याला वर येता येत नव्हते. काही शास्त्रज्ञांनी स्पष्ट विरोध केला होता. तरीही १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, आधी गुपचूप आणि नंतर उघडपणे, तो सरोवरात सोडण्यात आला. त्याच काळात बाहेरून आणलेला नाईल तिलापियाही सोडला गेला. आज किसुमूच्या ताटात जो तिलापिया येतो तो बहुतांशी या पाहुण्याच्या वंशातला आहे. मूळ न्गेगे मुख्य सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला असून आसपासच्या काही लहान तळ्यांत उरला आहे.

सुमारे वीस वर्षे फारसे काही घडले नाही. मग १९८० च्या आसपास नाईल पर्चची संख्या अचानक वाढली आणि काही वर्षांतच मासेमारांची जाळी फुलूऐवजी त्याने भरू लागली. फुलूच्या २०० किंवा त्याहून अधिक जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. दोष एकट्या शिकाऱ्याला देता येत नाही. काठची जंगले तोडली गेली, शेतांतली माती आणि खते व शहरांचे सांडपाणी सरोवरात आले, शैवाल माजले आणि पाणी गढूळ झाले. जीवशास्त्रज्ञ ओले झेहाउझेन यांनी १९९७ साली सहकाऱ्यांसह एक सूक्ष्म गोष्ट दाखवून दिली. या माशांच्या माद्या नराच्या रंगावरून आपल्या जातीचा जोडीदार ओळखतात. पाणी गढूळ झाले की तांबडा आणि निळा रंग वेगळे दिसत नाहीत, निवड चुकते आणि जाती एकमेकींत मिसळून जातात. म्हणजे कोणीही न खाल्लेली जातसुद्धा, केवळ दिसेनासे झाल्यामुळे, संपू शकते. या सरोवराबद्दल वाचलेल्या सर्व गोष्टींत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

किनाऱ्यावर मात्र या माशाने पैसा आणला. म्बुता हे त्याचे लुओ भाषेतले नाव; टांझानियात त्याला सांगारा म्हणतात. काठावर शीतगृहे आणि कारखाने उभे राहिले; काटा काढलेले मांसाचे तुकडे गोठवून युरोपात जाऊ लागले. बाहेरगावाहून तरुण आले, नव्या होड्या बांधल्या गेल्या, बेटांवर पत्र्याच्या वस्त्या वसल्या. केनिया आणि युगांडा यांच्यात ज्याच्या मालकीवरून वाद झाला ते मिगिंगो बेट जेमतेम अर्ध्या एकराचे आहे. तरीही त्यावर शेकडो लोक पत्र्याला पत्रा लावून राहतात, आणि वादाचे मूळ कारण आसपासच्या खोल पाण्यातला म्बुता हेच आहे.

काठच्या माणसाच्या ताटात काय आले, हे पाहणे आवश्यक आहे. म्बुता तेलकट असल्यामुळे फुलूसारखा उन्हात वाळत नाही. तो तळावा किंवा धुरावर भाजावा लागतो; त्यासाठी लाकूड लागते आणि काठची झाडे आणखी कमी होतात. पूर्वी बायका छोटे मासे घेऊन, वाळवून, आठवडी बाजारात विकत. मोठ्या माशाचा व्यवहार कारखान्यांच्या दलालांकडे गेला. मांस निघून गेल्यावर उरणारे डोके आणि सांगाडा स्थानिक बाजारात येऊ लागले. तळलेल्या सांगाड्याला केनियात म्गोंगो वाझी म्हणतात. शब्दशः अर्थ ‘उघडी पाठ’. कित्येक गरीब घरांना मिळणारा म्बुता म्हणजे हाच. अलीकडे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला मांसापेक्षा कितीतरी अधिक दर मिळतो. ती हाँगकाँग आणि चीनच्या बाजारात जाते. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या पिशवीला बोत म्हणतात आणि जिच्यासाठी व्यापारी वाट पाहत असतात, तिचेही गिऱ्हाईक त्याच बाजारात आहे.

इतक्या दूरच्या बाजारावर अवलंबून राहण्याचा धोकाही लवकरच कळला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील देशांनी या माशाच्या आयातीवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. आधी साल्मोनेला जंतूंमुळे, मग कॉलऱ्याच्या साथीमुळे, आणि १९९९ मध्ये काही जण कीटकनाशक टाकून मासे मारत असल्याचे उघड झाल्यामुळे. प्रत्येक वेळी कारखाने थांबले आणि त्यासरशी किनाऱ्यावरचा भाव कोसळला.

अंधाऱ्या रात्रींचे वेळापत्रक

तिसरा मासा सर्वांत लहान आणि आज सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याला केनियात ओमेना, टांझानियात डागा आणि युगांडात मुकेने म्हणतात. हा चंदेरी, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा थव्याने राहतो, लवकर वाढतो आणि लवकर प्रजनन करतो. त्यामुळे भरपूर पकडूनही अजून टिकून आहे. वजनाने पाहिले तर सरोवरातून निघणाऱ्या एकूण मासळीत अर्ध्याहून अधिक वाटा त्याचा आहे.

तो रात्री पकडतात. होड्या संध्याकाळी निघतात, पाण्यावर तरंगणारे दिवे सोडतात, दिव्यांभोवती किडे आणि सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे ओमेना येतो, आणि मग बारीक आसेचे जाळे भोवती फिरवून वर ओढले जाते. पूर्वी हे दिवे रॉकेलचे असत. आता बॅटरीवर आणि सौरऊर्जेवर चालणारे दिवे वाढले आहेत. चांदणे असेल तर प्रकाश सगळीकडेच सारखा असतो आणि मासे दिव्याकडे येत नाहीत. म्हणून या गावांचे वेळापत्रक चंद्रावर चालते. कृष्ण पक्षात काम असते. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस जाळी दुरुस्त करण्याचे, घरी जाण्याचे आणि उधारी मिटवण्याचे. आपल्याला तिथीची सवय असल्यामुळे हे लगेच समजते. म्हणून ज्याला सरोवराचे खरे रूप पाहायचे आहे त्याने पंचांग पाहून, अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे जावे. त्या रात्रींत काठावरून पाहिले तर पाण्यावर एक गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. केनियात १ एप्रिल ते ३१ जुलै या काळात ओमेना पकडण्यास बंदी असते. त्या महिन्यांत हे दृश्य तिथे दिसणार नाही.

याच दिव्यांशी सरोवरातील मोठा धोका जोडलेला आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे वारा सरोवराकडून जमिनीकडे वाहतो आणि दुपारचे ढग काठावरच्या डोंगरांवर जमतात. रात्री जमीन निवते, पाणी मात्र उबदार राहते. मग चहूबाजूंनी वारा सरोवराच्या मध्याकडे धावतो, तिथे एकमेकांवर आदळून वर चढतो आणि वादळी ढग तयार होतात. म्हणजे वादळाची वेळ आणि ओमेनाची वेळ एकच. मासेमारांच्या होड्या फळ्यांच्या, उघड्या, बहुधा जीवरक्षक जॅकेट नसलेल्या असतात. या सरोवरात दरवर्षी हजारो माणसे बुडून मरतात, असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमी होत नाही. बातमी होते ती प्रवासी बोटींची. २१ मे १९९६ रोजी म्वान्झाजवळ एमव्ही बुकोबा बुडाली, तेव्हा शेकडो माणसे गेली. २० सप्टेंबर २०१८ रोजी उकारा बेटाजवळ एमव्ही न्येरेरे उलटली, तेव्हा २२० हून अधिक. दोन्ही वेळा बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती.

सकाळी होड्या परत येतात तेव्हा काठावर बायका टोपल्या घेऊन उभ्या असतात. होडी, जाळे आणि इंजिन बहुधा एका मालकाचे असते, पाण्यात जाणारे तिघे-चौघे वाटेकरी असतात, आणि विकत घेऊन वाळवण्या-विकण्याचे काम बायकांचे. ओमेना ओला असताना काही तासांत खराब होतो. त्यामुळे कोणाला आधी माल द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार मासेमाराकडे येतो. मासळी कमी झाली तसा हा अधिकार वाढला आणि त्यातून केनियाच्या काठावर जाबोया नावाची पद्धत रुजली, जिच्यात मासळीचा हक्क टिकवण्यासाठी विक्रेत्या स्त्रीला मासेमाराशी शरीरसंबंध ठेवावे लागतात. मासेमार एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर फिरत राहतात, आणि या भागातील एचआयव्हीचे प्रमाण केनियात सर्वाधिक असण्यामागे जी कारणे आहेत त्यांत याचाही वाटा आहे. हा त्या स्त्रियांच्या चारित्र्याचा प्रश्न कधीच नव्हता. होडी कोणाच्या मालकीची, एवढाच प्रश्न होता. हे ओळखूनच न्दुरू येथील स्त्रियांनी २०११ च्या सुमारास बाहेरच्या मदतीने स्वतःच्या होड्या घेतल्या, त्यांवर पुरुषांना कामाला ठेवले आणि आपल्या गटाला ‘माशासाठी शरीर नाही’ अशा अर्थाचे नाव दिले. २०२० मध्ये अतिवृष्टीमुळे सरोवराची पातळी १९६४ च्या उच्चांकाला भिडली, तेव्हा त्यांचा किनाराच पाण्याखाली गेला आणि घरे सोडावी लागली.

वाळवण्याच्या कामातही पावसाचा धाक असतो. वाळूवर किंवा जुन्या जाळ्यांवर पसरलेला ओमेना पाऊस आला तर कुजतो आणि वाळूमिश्रित माल माणसांऐवजी कोंबड्यांच्या खाद्यासाठी कमी दराने जातो. बोंबील वलांडीवर वाळवतात तसे उंच मांडव काही किनाऱ्यांवर आता उभारले जात आहेत, आणि त्यावर वाळलेल्या स्वच्छ मालाला जास्त दर मिळतो. म्वान्झातील किरुंबा म्वालोनी हा या सुक्या माशाचा फार मोठा बाजार आहे. तिथून पोती भरून माल कांगोपर्यंत जातो.

नियम कोण पाळते, आणि पाणी कोणाचे

तीन देशांनी १९९४ साली करार करून सरोवरातील मासेमारीसाठी एक संयुक्त संस्था स्थापन केली. तिचे कार्यालय जिंजाला आहे. प्रत्येक किनाऱ्यावर मासेमार, होडीमालक आणि विक्रेते यांची निवडून दिलेली समिती असावी, अशी व्यवस्थाही हळूहळू आली. समितीने होड्यांची नोंद ठेवावी, बारीक जाळी पकडून द्यावीत आणि ५० सेंटिमीटरपेक्षा लहान म्बुता उतरवू देऊ नये, अशी अपेक्षा होती. पण ज्याचे जाळे जप्त करायचे तो शेजारी, कधी भाऊ असतो. युगांडाने २०१५ मध्ये या समित्या थांबवल्या आणि २०१७ पासून सैन्य पाण्यात उतरवले. त्यानंतर लहान माशांची पकड काही प्रमाणात कमी झाली, परंतु होड्या जाळल्याच्या आणि मारहाणीच्या तक्रारीही झाल्या. ज्यांच्याकडे मोठी होडी आणि महाग जाळे घेण्याइतके पैसे होते ते टिकले. ज्यांच्याकडे नव्हते ते बाहेर पडले. मासे वाचवायला हवेत, याबद्दल दुमत नाही. पण ते वाचवण्याची किंमत नेमकी सर्वांत लहान होडीवाल्याने मोजावी, हे मला पटत नाही.

पाण्याच्या दुखण्याचे एक रूप आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती १९८० च्या दशकाच्या अखेरीस या सरोवरात दिसली आणि १९९० च्या दशकात तिने बंदरे अडवली. होड्या किनाऱ्याला लागेनात, आणि जलपर्णीखालच्या पाण्यातला प्राणवायू कमी झाला. तिच्यावर जगणारे भुंग्याच्या जातीचे छोटे किडे सोडल्यावर ती बरीच ओसरली, पण किसुमूच्या विनाम आखातात ती अधूनमधून परत येते. उजनीच्या जलाशयात किंवा इंद्रायणीत ज्यांनी हा हिरवा गालिचा पाहिला आहे, त्यांना त्यामागचे कारण वेगळे सांगायला नको. सांडपाण्यातले आणि खतांतले पोषक द्रव्य दोन्हीकडे तिचे अन्न आहे.

आता सुरुवातीच्या ताटाकडे परत येता येईल. शहरे वाढली, मासे खाणारे वाढले, पण केनियाच्या वाट्याच्या सहा टक्के पाण्यातला तिलापिया आणि म्बुता घटला. म्बुताचा मोठा भाग परदेशी जातो. या पोकळीत चिनी तिलापिया आला, कारण तो स्वस्त आहे आणि रोज हमखास मिळतो. उपाय म्हणून गेल्या दशकभरात केनियाच्या काठाजवळ पाण्यात तरंगणारे जाळीदार पिंजरे बसवून त्यांत तिलापिया वाढवणे सुरू झाले आहे. उत्पन्न चांगले येते, परंतु तळाचे प्राणवायू नसलेले पाणी वाऱ्याने वर आले की पिंजऱ्यातला मासा पळू शकत नाही आणि एका रात्रीत सगळा माल मरतो. २०२२ च्या अखेरीस असे मोठे नुकसान झाले. शिवाय पिंजरा लावायला भांडवल लागते. ज्याची होडी गेली तो पिंजऱ्याचा मालक क्वचितच होतो.

जाणाऱ्यासाठी थोडे

केनिया किंवा युगांडाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे. काठाजवळच्या गवताळ पाण्यात उतरू नये. तिथल्या गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया नावाचा रोग त्वचेतून शरीरात शिरतो, शिवाय पाणघोडे असतात ते वेगळेच. होडीत बसण्याआधी जीवरक्षक जॅकेट मागावे आणि ते मिळाले नाही तर बसू नये. किसुमूजवळचा डुंगा किनारा पहिल्या भेटीसाठी सोयीचा आहे, कारण तिथे पपायरसची दलदल, तिच्यातले पक्षी आणि रोजची मासळी एकाच जागी पाहता येते. वेळ असेल तर म्बिता गावाहून पूल ओलांडून रुसिंगा बेटावर जावे. आदिम वानरांचे जीवाश्म तिथे सापडले आहेत, आणि तिथल्या वस्त्याही अजून मासेमारीवर चालतात. कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, विशेषतः लिलाव चालू असताना. ती त्यांची कामाची वेळ असते.

आणि एक वेळचे जेवण तरी तिलापियाऐवजी ओमेनाचे करावे. बाजारात तो गोरोगोरो नावाच्या पत्र्याच्या डब्याने मोजून विकतात. गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळू निथळून, तेलात कुरकुरीत परतायचा आणि वरून कांदा-टोमॅटो घालायचा. सुकट किंवा जवळा करणाऱ्या हाताला हे नवीन नाही. विकणाऱ्या बाईला तो कोणत्या किनाऱ्यावरचा आहे, हे विचारावे. त्या तो बोटांनी चाळून दाखवतात, वाळूवर वाळलेला कोणता आणि मांडवावर वाळलेला कोणता हे सांगतात, आणि त्या दोन ढिगांच्या दरांत किती अंतर आहे तेही सांगतात.